पुस्तक मिटल्यानंतरचे दोन तास

वाचनाच्या आव्हानात, म्हणजे वर्षभरात ठरवलेली पुस्तकं वाचून काढण्याच्या उपक्रमात, भाग घेणारे लोक वाचताना क्वचित अडखळतात. ते अडखळतात दोन ठिकाणी: पुस्तकं निवडताना आणि वाचून झालेल्या पुस्तकावर लिहिताना. मधलं वाचन आवडीचंच असतं, ते होतं. पण वर्षाच्या सुरुवातीला उत्साहात केलेली यादी चौथ्या महिन्यात अंगावर येते. आणि वाचून झालेली पाच-सहा पुस्तकं ‘यावर लिहायचंय’ म्हणून टेबलावर पडून राहतात. हळूहळू त्यांतल्या पात्रांची नावंसुद्धा पुसट होतात. म्हणून आव्हानाचं एकक पुस्तक हे नसावं, पुस्तक आणि त्यावरचं लेखन मिळून एक धरावं, असं मला मनापासून वाटतं. हे एकदा मान्य केलं की यादी, वेळ, टिपणं या सगळ्यांचा हिशेब बदलतो.

आधी वेळाचा हिशेब. वाचनाच्या वेगाचे आकडे सर्रास सांगितले जातात, पण ते बहुधा इंग्रजीचे असतात. मानसशास्त्रज्ञ मार्क ब्रिसबार्ट यांनी 2019 साली अनेक जुन्या अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. त्यात इंग्रजी मनातल्या मनात वाचण्याचा सरासरी वेग ललितेतर मजकुरासाठी मिनिटाला 238 शब्द आणि कथात्म मजकुरासाठी 260 शब्द असा आला. हे आकडे मराठीला लावू नयेत. ‘घरासमोरच्या’ हा मराठीत एक शब्द आहे, इंग्रजीत त्याच अर्थाला पाच शब्द लागतात. विभक्तीचे प्रत्यय आणि शब्दयोगी अव्ययं शब्दाला चिकटून येत असल्यामुळे मराठीतले शब्द संख्येनं कमी आणि अंगानं लांब असतात. शब्द मोजण्यात म्हणून अर्थ नाही, पानं मोजावीत.

मोजण्याची रीत साधी आहे. तीन वेगळ्या प्रकारची पुस्तकं घ्यावीत: एक कादंबरी, एक वैचारिक आणि एक लहान कवितासंग्रह. प्रत्येक पुस्तक सुरुवात सोडून मधूनच कुठून तरी 20 मिनिटं वाचावं आणि पानं मोजावीत. समजा कादंबरीची 12 पानं झाली आणि वैचारिक पुस्तकाची 6. म्हणजे तासाला अनुक्रमे 36 आणि 18 पानं. आता 320 पानांच्या कादंबरीला सुमारे 9 तास लागतील आणि तेवढ्याच जाडीच्या वैचारिक पुस्तकाला 18. दोन्हींत लेखनाचे अडीच तास मिळवावेत. रोज अर्धा तास आणि महिन्यातले 25 दिवस धरले तर महिन्याला साडेबारा तास मिळतात. कादंबरी आणि तिच्यावरचं लेखन साडेअकरा तासांत बसतं, वैचारिक पुस्तकाला मात्र साडेवीस तास, म्हणजे दीड महिन्याहून जास्त लागतो. वर्षाचे 150 तास. त्यात 7 कादंबऱ्या, 2 वैचारिक आणि लेखनासकट प्रत्येकी 6 तासांत होणारी 3 छोटी पुस्तकं घेतली तर 139.5 तास होतात. उरलेले साडेदहा तास आजारपण, पाहुणे आणि पुन्हा वाचावीशी वाटणारी प्रकरणं यांच्यासाठी. हे गणित स्वतःचे आकडे घालून पाच मिनिटांत होतं. ‘बारा महिने, बारा पुस्तकं’ हा सोपा भागाकार मात्र फसवा आहे, कारण सगळी पुस्तकं सारखी धरली तरच तो जमतो.

आव्हानांचे प्रकार बरेच आहेत. नुसत्या संख्येचं आव्हान सगळ्यांत सोपं आणि सगळ्यांत लवकर बिघडणारं. अर्थशास्त्रज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांनी 1975 साली चलनविषयक धोरणाबद्दल मांडलेलं निरीक्षण इथं तंतोतंत लागू पडतं: एखादं मोजमाप आपण गाठायचं लक्ष्य म्हणून वापरू लागलो की ते मोजमाप म्हणून निकामी होतं. पुस्तकांची संख्या मोजायला लागलो की ऑक्टोबरपासून हात आपोआप बारीक कण्याच्या पुस्तकांकडे जातो. पानं मोजायला लागलो तर टिपा आणि परिशिष्टं भराभर उलटली जातात. मोजल्याशिवाय आव्हान होत नाही हे खरं, पण जे मोजलं जाईल त्याच्या बाजूला आपण झुकणार हे धरूनच एकक ठरवावं. लेखन त्या एककात असलं की बारीक पुस्तकाचा फायदा घटतो, कारण 90 पानांच्या पुस्तकावर लिहायलाही दोन तास लागतातच.

दुसरा प्रकार विषयांच्या चौकटींचा: तक्त्यातल्या प्रत्येक चौकटीत एक विषय, त्या विषयाचं पुस्तक वाचलं की ती चौकट भरते. त्यात 5 बाय 5 चा तक्ता असेल तर 25 चौकटी आणि आडव्या 5, उभ्या 5, तिरक्या 2 अशा 12 ओळी होतात. एकच ओळ पूर्ण करायची असेल तर पुस्तकं फक्त 5 लागतात. अशा वेळी पहिलं पुस्तक मधल्या चौकटीचं घ्यावं, कारण ती चौकट 4 ओळींत मोजली जाते. कर्णावरच्या बाकीच्या चौकटी 3 ओळींत येतात, उरलेल्या फक्त 2 ओळींत. पुढं एखादं पुस्तक रखडलं तरी दुसरी वाट मोकळी राहते. सामील होण्याआधी नियम नीट विचारून घ्यावेत: एक पुस्तक दोन चौकटींत चालतं का, आधी अर्धं वाचलेलं चालतं का, पुनर्वाचन आणि ऐकलेलं पुस्तक धरतात का, समग्र खंड एक धरायचा की त्यातली पुस्तकं वेगळी, आणि अर्धवट सोडलेल्या पुस्तकाचं काय. हे प्रश्न सुरुवातीला किरकोळ वाटतात, शेवटच्या महिन्यात त्यांच्यावरून मनं दुखावतात.

यादी करताना 12 पुस्तकांच्या जागी 15 निवडावीत. ही तीन जास्तीची पुस्तकं आळसासाठी सूट म्हणून ठेवलेली नसतात. एखादं पुस्तक मिळतच नाही, एखाद्याची आवृत्ती संपलेली असते, एखादं दहा पानांत कळतं की हे आत्ता नको. यादी पक्की होण्याआधी प्रत्येक पुस्तक हातात यावं, निदान ते कुठं मिळणार हे तरी माहीत असावं. हातात आलं की पाठराखण, म्हणजे मलपृष्ठावरचा मजकूर, वाचून थांबू नये. ती पुस्तक खपवण्यासाठी लिहिलेली असते, आणि त्यात काही गैर नाही. मधली दोन पानं वाचावीत, कारण सुरुवातीवर प्रत्येक लेखक मेहनत घेतो, मधल्या पानांवर त्याची रोजची भाषा दिसते. अनुवाद असेल तर अनुवाद मूळ भाषेतून आहे की मधल्या भाषेवरून, हे शीर्षकामागच्या पानावर पाहावं. परीक्षणात भाषेबद्दल काहीही म्हणायचं असेल तर ही माहिती लागतेच. अक्षरांचा आकारही पाहावा. फार बारीक टाइपातलं 500 पानी पुस्तक वाचायला घेतलं आणि डोळे दुखले, तर दोष विषयाला दिला जातो.

क्रमही महत्त्वाचा. पहिलं पुस्तक दीड-दोनशे पानांचं, नक्की पूर्ण होईल असं असावं. एकाच प्रकृतीची दोन पुस्तकं पाठोपाठ नकोत. फाळणीवरच्या दोन कादंबऱ्या लागोपाठ वाचल्या तर दुसरीचं परीक्षण पहिलीशी तुलना होऊन बसतं आणि दोघींवर अन्याय होतो. तुलनाच करायची असेल तर ती ठरवून करावी आणि दोन्हींवर मिळून एकच लेख लिहावा. आणि यादीत फक्त ‘आपण वाचायला हवीत’ अशी भारदस्त पुस्तकं भरू नयेत. ज्यांची आठवण झाली की हात शिवशिवतात अशी निम्मी तरी असावीत.

प्रस्तावनेबद्दल एक सूचना आग्रहानं करावीशी वाटते. मराठी पुस्तकांना दुसऱ्या कुणी लिहिलेल्या लांबलचक प्रस्तावनांची मोठी परंपरा आहे आणि त्यांतल्या कित्येक अभ्यासपूर्ण आहेत. पण त्या बऱ्याचदा सगळं कथानक सांगून टाकतात, आणि त्याहून वाईट म्हणजे पुस्तकाविषयीचं मत आधीच आपल्या तोंडात घालतात. लेखकाचं स्वतःचं मनोगत आधी वाचायला हरकत नाही. दुसऱ्याची प्रस्तावना आपला लेख कच्चा लिहून झाल्यावर वाचावी. तिच्यातला एखादा मुद्दा पटला तर नाव घेऊन उल्लेख करावा.

आता टिपणं. इथं बहुतेकांचं काम बिघडतं, आणि दोन्ही बाजूंनी बिघडतं. काहीच न टिपणारा शेवटी ‘छान होतं’ यापलीकडे जाऊ शकत नाही. प्रत्येक पानावर रेघा मारणाऱ्याच्या हाती पुस्तकाचीच दुसरी प्रत लागते. 300 पानांच्या पुस्तकाला 15 ते 20 टिपणं पुरतात, लेखात त्यांतली पाच-सहा येतात. टिपण म्हणजे पान क्रमांक आणि तीन-चार शब्द, एवढंच. खुणाही तीनच पुष्कळ: भाषा आवडली तर उभी रेघ, पटलं नाही तर प्रश्नचिन्ह, आधीच्या कुठल्या पानाशी नातं दिसलं तर त्या पानाचा आकडा. ग्रंथालयाचं पुस्तक असेल तर कोरा कागद उभा चार घड्या घालून तीच खूणपट्टी करावी आणि त्यावर लिहावं. ई-पुस्तकात अक्षर मोठं केलं की पानं बदलतात, म्हणून तिथं प्रकरणाचा क्रमांक आणि उताऱ्याचे पहिले तीन शब्द टिपावेत. ऐकण्याच्या पुस्तकात मिनिटं टिपावीत, आणि लिहिण्याआधी माणसांची आणि गावांची नावं छापील प्रतीत तपासावीत. कानानं ऐकलेलं ऱ्हस्व-दीर्घ हमखास चुकतं.

वर्षभराची टिपणं एकाच वहीत असतील तर तिला सूची हवी. इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉक यांनी सतराव्या शतकात स्वतःच्या टिपणवहीसाठी एक युक्ती वापरली आणि 1686 च्या सुमारास ती छापून प्रसिद्धही केली. विषयाच्या शब्दाचं पहिलं अक्षर आणि त्यानंतरचा पहिला स्वर, एवढ्यावर सूचीतली जागा ठरायची. आपल्याकडे बाराखडीच असल्यामुळे हे आणखी सोपं होतं. ‘मृत्यू’ ‘मृ’खाली, ‘मैत्री’ ‘मै’खाली, ‘स्थलांतर’ सरळ ‘स’खाली. वहीची शेवटची चार पानं सूचीला ठेवावीत आणि शब्दापुढं फक्त वहीच्या पानाचा आकडा लिहावा. सहा महिन्यांनी सातव्या पुस्तकावर लिहिताना दुसऱ्या पुस्तकातलं स्थलांतर एका मिनिटात सापडतं. असं काही सापडलं की दोन पुस्तकं आपल्या वहीत एकमेकांशी बोलायला लागतात, आणि आव्हानातला सगळ्यांत मोठा आनंद माझ्या मते तोच आहे.

पुस्तक मिटल्यावर लगेच लिहू नये आणि फार थांबूही नये. लगेच लिहिलं तर शेवट सगळं झाकून टाकतो. चांगल्या शेवटाचं सामान्य पुस्तक थोर वाटतं, आणि फसलेल्या शेवटापायी आधीची 280 चांगली पानं वाया गेल्यासारखी वाटतात. दोन आठवड्यांनी लिहिलं तर तपशील गेलेले असतात. जर्मन मानसशास्त्रज्ञ हेर्मान एबिंगहाउस यांनी 1885 साली स्वतःवरच्या प्रयोगांतून दाखवलं की विसरण्याचा वेग सुरुवातीच्या तासांत आणि दिवसांत सर्वाधिक असतो. त्यांनी पाठ केली होती निरर्थक अक्षरं. अर्थपूर्ण मजकूर त्याहून जास्त टिकतो. पण परीक्षणाला लागणाऱ्या नेमक्या गोष्टी, म्हणजे कोण कुणाला काय म्हणालं, कुठल्या प्रकरणात गती मंदावली, याच आधी निसटतात. दुसऱ्या ते पाचव्या दिवसात लेख हातावेगळा व्हावा.

आणि तो सुरू करावा पुस्तक व टिपणं दोन्ही बंद ठेवून. अर्धा तास, एक पान, आठवेल तेवढं. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी 2006 साली विद्यार्थ्यांवर केलेले प्रयोग प्रसिद्ध आहेत. मजकूर पुन्हा वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनी जास्त आठवलं, पण आठवड्यानंतर बाजी मारली ती वाचल्यावर आठवून लिहिणाऱ्यांनी. पुढच्या वर्षी हे पुस्तक आपल्याजवळ शिल्लक राहावं असं वाटत असेल तर हा अर्धा तास चुकवू नये. त्याचा दुसरा उपयोग मला जास्त मोलाचा वाटतो. आठवणीतून उतरलेलं पान एका बाजूला आणि टिपणं दुसऱ्या बाजूला ठेवली की फरक दिसतो. समजा, वाचताना ज्या वाक्याखाली तीन रेघा मारल्या ते आठवलंच नाही, आणि ज्याची नोंदही केली नव्हती तो विहिरीवरचा प्रसंग मात्र जसाच्या तसा डोळ्यांपुढं आला. असं का झालं, याचं उत्तर शोधायला पुस्तकात परत गेलं की परीक्षणाचा गाभा हाती येतो. त्या प्रसंगात लेखिकेनं नेमकं काय केलं? वाक्यं लहान झाली, की निवेदकानं तोंड मिटलं, की शंभर पानं आधी येऊन गेलेली एखादी वस्तू तिथं परत आली?

आपण नेमकं काय लिहितो आहोत हेही ठरवून घ्यावं, कारण मराठीत यासाठी वेगवेगळे शब्द आहेत आणि ते सरमिसळ वापरले जातात. परिचय म्हणजे पुस्तकात काय आहे ते सांगणं. रसग्रहण म्हणजे ते आनंद कसा देतं हे उलगडणं. परीक्षणात गुणदोषांचा निवाडा येतो. समीक्षा पुस्तकाला त्या प्रकारातल्या आधीच्या लेखनाशेजारी उभं करते, आणि त्यासाठी ते आधीचं लेखन वाचलेलं असावं लागतं. आव्हानासाठी 700 ते 900 शब्दांचं परीक्षण पुरतं. त्यात कथानक पाचव्या हिश्शाहून जास्त नको, आणि पुस्तकाच्या पहिल्या एक तृतीयांश भागानंतर काय घडतं ते सांगायचं नाही. शीर्षक, लेखक, अनुवादक, प्रकाशक, पानं आणि आवृत्तीचं वर्ष द्यावं. पहिली आवृत्ती आणि हातातलं पुनर्मुद्रण यांची वर्षं वेगळी असतात, दोन्ही लिहावीत. 1962 चं पुस्तक 2015 चं समजून त्याच्या भाषेला जुनाट म्हणणारी परीक्षणं दिसतात, ती या एका आकड्यानं टळली असती.

अमेरिकी लेखक जॉन अपडाइक यांनी 1975 साली परीक्षकांसाठी स्वतःचे काही नियम मांडले होते. त्यांतला पहिला असा की लेखकाला काय करायचं होतं ते समजून घ्यावं आणि जे त्यानं करायला घेतलंच नाही त्याबद्दल दोष देऊ नये. दुसरा असा की पुस्तकातला पुरेसा मजकूर उद्धृत करावा, म्हणजे वाचकाला स्वतःची चव घेता येते. दुसरा नियम पाळणं सोपं असूनही कमी पाळला जातो. 40 ते 60 शब्दांचा एक उतारा निवडावा आणि तो अक्षर न् अक्षर, अनुस्वारासकट ताडून पाहावा. बोलीतला उतारा प्रमाण मराठीत ‘सुधारून’ छापणं हा लेखकावरचा मोठा अन्याय आहे.

विशेषणांचं काय करायचं? ओघवती भाषा, खिळवून ठेवणारं कथानक, संग्राह्य पुस्तक, अंतर्मुख करणारा शेवट: हे शब्द इतके वापरले गेलेत की त्यांतून आता काही पोहोचत नाही. एक कसोटी उपयोगी पडते. आपलं वाक्य उचलून दुसऱ्याच एखाद्या पुस्तकाच्या परीक्षणात ठेवून पाहावं. तिथंही ते चपखल बसलं तर ते या पुस्तकाबद्दल काहीच सांगत नाही. ‘भाषा ओघवती आहे’ असं लिहावंसं वाटलं की पुस्तक उघडून कारण शोधावं. कदाचित निवेदन कमी आणि संवाद जास्त असतील. कदाचित प्रत्येक प्रकरण अपुऱ्या वाक्यावर थांबत असेल. कदाचित लेखक तत्सम शब्द टाळत असेल. जे सापडेल ते लिहावं, विशेषण वाचक स्वतः जोडतो.

प्रकारागणिक अडचणी बदलतात. कथासंग्रहातल्या 14 कथांचा प्रत्येकी एक परिच्छेद लिहिला की अनुक्रमणिका तयार होते. दोन-तीन कथा सविस्तर घ्याव्यात आणि बाकीच्यांबद्दल त्यांच्या क्रमातून काय साधतं ते सांगावं. कविता दोनदा वाचाव्या लागतात, त्यातली एक खेप मोठ्यानं. कानाला न कळलेली लय डोळ्याला कळत नाही. आत्मचरित्रात सांगितलेल्या गोष्टींइतकंच मौन पाहावं. माणसाच्या जगण्यावर निवाडा देऊ नये, लिहिण्यावर द्यावा. दुःख खरं आहे म्हणून लेखन आपोआप चांगलं ठरत नाही, आणि लेखन कच्चं आहे म्हणून दुःख लहान होत नाही. माहितीपर पुस्तकात मागची सूची आहे का, आकड्यांची वर्षं दिली आहेत का, आधार कुठले, एवढं तपासलं तरी पुष्कळ.

न आवडलेल्या पुस्तकावर लिहिताना तक्रारी दोन रकान्यांत वाटाव्यात: पुस्तकानं स्वतः जे योजलं ते साधलं नाही, आणि मला हा प्रकारच रुचत नाही. पहिल्या रकान्यातली प्रत्येक तक्रार पान क्रमांकासह लिहावी. दुसरा रकाना एका वाक्यात, प्रांजळपणे. रकाने वेगळे केले नाहीत तर परीक्षण रागीट होतं आणि वाचणाऱ्याला त्यातून निवड करता येत नाही.

पुस्तक सोडण्याबद्दल अमेरिकी ग्रंथपाल नॅन्सी पर्ल यांचा नियम मला माणुसकीचा वाटतो. 50 पानं द्यावीत, नाही जमलं तर सोडावं. पन्नाशी ओलांडली असेल तर 100 मधून आपलं वय वजा करून उरतील तेवढीच पानं द्यावीत. सोडलेल्या पुस्तकावर पूर्ण परीक्षण लिहू नये, गुणही देऊ नयेत. चार ओळींची नोंद मात्र ठेवावी: कुठल्या पानावर थांबलो, का थांबलो, पुन्हा कधी उघडावंसं वाटेल का.

मधल्या महिन्यांत खंड पडतोच. फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी 2010 साली प्रसिद्ध केलेल्या सवयींच्या अभ्यासात एखादी गोष्ट अंगवळणी पडायला लागलेला मध्यम काळ 66 दिवस निघाला. व्याप्ती होती 18 पासून 254 दिवसांपर्यंत. आणि एखादा दिवस चुकल्यानं सवय लागण्यात फारसा फरक पडला नाही. त्यामुळे चुकलेल्या दिवसाची भरपाई म्हणून दुसऱ्या दिवशी 60 पानं ओढण्याची गरज नाही. धोका साचलेल्या लेखनाचा असतो. दोन पुस्तकांवरचं लेखन बाकी असेल तर तिसरं उघडायचं नाही, इतका एक नियम कडक ठेवावा. तरीही एखादं महिनाभर मागं पडलंच, तर धूसर आठवणींवर 800 शब्द ओढू नयेत. जे खात्रीनं आठवतंय तेवढ्याच 150 शब्दांची टिपणी लिहावी, खाली वाचल्याची आणि लिहिल्याची दोन्ही तारखा टाकाव्यात आणि पुढं जावं.

वर्ष संपताना सगळी परीक्षणं एका बैठकीत सलग वाचावीत, हातात पेन्सिल घेऊन. प्रत्येकात परत परत येणारे शब्द आणि वाक्याच्या लकबी पाच-सहा तरी निघतात. कुणाचं प्रत्येक परीक्षण मुखपृष्ठापासून सुरू होतं, कुणाचा शेवटचा परिच्छेद ‘एकूणच’ या शब्दानं. ते शब्द वहीच्या पुढच्या कोऱ्या पानावर, नव्या यादीच्या वर लिहून ठेवावेत. यादीतून उरलेली तीन पुस्तकंही त्याच वेळी पाहावीत. एखादं सलग तिसऱ्या वर्षी उरलं असेल तर ते चौथ्या यादीत घालू नये. जो वाचेल त्याला ते देऊन टाकावं.